उपरण्याखालची बोली

कबड्डीचा सामना ऐन रंगात आला असताना मैदानाकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लोक घसा फोडून ओरडत असायचे, शेवटची चढाई चालू असायची, आणि हे गृहस्थ खेळाडूंनी रेषेबाहेर काढून ठेवलेल्या चपला काठीने उलट्या करून बघत असायचे. एक उलटी केली, वाकून तिचा तळ पाहिला, 'हं' म्हणाले, की पुढची. सामना संपला की विचारायचे, "कोण जिकलं?" आपण हरलो असं कुणी सांगितलं की म्हणायचे, "ते मला मगाच कळलं व्हतं."

गावात सगळे त्यांना नाना म्हणायचे. मीही म्हणायचो, त्यांच्यावर चिडलेला असलो तरी. आणि मी बऱ्याचदा चिडलेलाच असायचो.

चपलांचं त्यांचं शास्त्र असं होतं. "टाच आतनं झिजली असंल तर गडी वळताना गुडघ्यावर येतो. भायेरनं झिजली असंल तर पकड करायच्या येळंला मागं सरतो. आन दोन्ही बाजूनं सारखी झिजली असंल तर त्यो खेळाडू न्हाई, मास्तर हाये." हे ऐकून आमच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी पायातली चप्पल हळूच काढून पाहिली होती, ते मी स्वतः बघितलंय.

ही नजर त्यांना बैलांनी दिली. बेल्ह्याच्या बैलबाजारात ते चाळीस वर्षं दलाली करत आले होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. सौदा पटला तर ठरलेला आकडा जगाला कळतो. पण तिथपर्यंत येताना कोण किती म्हणालं, कोण कुठे अडलं, कोण आधी नमलं, हे बाहेर कधीच सांगायचं नाही. दलालाची सगळी पत त्यावर असते. नानांनी सख्ख्या भावाची बैलजोडी विकून दिली होती. घेणाऱ्याने आधी किती सांगितले होते, ते भावाने मरेपर्यंत विचारलं आणि नानांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ही सवय इतकी मुरली होती की साधा आकडासुद्धा ते तोंडाने उच्चारत नसत. एसटीत कंडक्टरने "किती तिकिटं?" विचारलं की हे त्याचा हात धरायचे. नवीन कंडक्टर असला तर दचकून हात सोडवून घ्यायचा. चहाच्या गाड्यावर चार चहा हवे असले तर चार बोटं दाखवायचे, आणि तीही धोतराच्या सोग्याआडून.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मी क्रेट उचलण्यापासून सुरुवात केली. आज माझा स्वतःचा गाळा आहे, तीन पिकअप आहेत. मला कुणी काही दिलेलं नाही. मी घासाघीस करून घेतलंय. मी कापडाच्या दुकानात भाव करतो, दवाखान्यात करतो, स्वतःच्या लग्नात दक्षिणेचाही केला होता. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे मला माहीत आहे. ते सांगायला वेगळा माणूस लागत नाही.

गावचा कबड्डीचा संघ जेव्हा कुणीच बघेना, तेव्हा मी हातात घेतला. कपडे, मॅट, जायला-यायला गाडी, खेळाडूंचं जेवण, सगळं मी केलं. सहा वर्षं केलं. त्याबद्दल गावाने मला एक पदवी दिली, 'मालक'. ती म्हणताना तोंड थोडं वाकडं करायचं असतं. आणि सहाही वर्षं आमचा संघ तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला.

यात्रा-जत्रांचा हंगाम संपला की पुढच्या संघाची निवड सुरू व्हायची, ती कळंबच्या अलीकडे हायवेला असलेल्या पंक्चरच्या दुकानात. पावसाळाभर तिथे एकच विषय. कुणाला काढायचं, कुणाला बाहेरून आणायचं आणि मालकाचं काय करायचं. मी समोर बसलेलो असलो तरी चर्चेत खंड पडत नसे.

"डाव्या कोपऱ्याचा गडी गेला पायजे," पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत म्हणायचा.

"कोपरा न्हाई, मालक गेला पायजे," असं म्हणणारे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते. ते माझ्याकडे बघायचे सुद्धा नाहीत. "समद्यांच्या संघात भायेरचे चार-चार रेडर हायेत. आपल्याकडं काय हाये? नवे कपडे."

"मग तुमी आणा की चार," मी म्हणायचो.

"मी कशाला आणू? मालक तुमी हाये."

नाना एका जुन्या ट्रॅक्टरच्या टायरवर बसून ऐकत असायचे. ते मधे पडत नसत. फक्त कुणी एखाद्या नव्या खेळाडूचं नाव घेतलं की विचारायचे, "त्याला उठताना पाह्यलाय का?" बैल घेताना तो उभा कसा आहे ते सगळेच बघतात, बसलेला उठतो कसा ते खरं बघायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते यावरूनच. चौथ्या वर्षी मी नगरकडचा एक नावाजलेला रेडर आणला. त्याची चढाई मोबाइलवर पाहिली होती, एका दमात तीन गडी मारलेले. त्याच्या मामाशी मी दोन दिवस घासाघीस केली. संघाला घेऊन ओझरला विघ्नहराच्या पायावर नवे कपडे ठेवले, नारळ फोडला. ते ऐकून नाना म्हणाले, "विघ्नहर हाये त्यो. रेडर न्हाई." मी दुर्लक्ष केलं.

पाहुण्याला मैदानावर आणला तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. नाना पुढे झाले.

"पावणं, जरा मांडी घालून बसता का?"

तो हसत बसला.

"आता उठा."

तो उठला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेठ, ह्यो परत करा. उठताना उजवा हात टेकतो ह्यो."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुमचे बैल वेगळे आणि ही माणसं वेगळी, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी टेकत निघून गेले.

पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या चढाईला, वळताना त्या रेडरचा उजवा गुडघा गेला. त्याला दोघांनी उचलून बाहेर आणला. गाव माझ्या तोंडावर हसलं. नाना हसले नाहीत, पण मला त्याचा जास्त राग आला. मी जाऊन विचारलं, "हे मला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का?"

"एकट्याला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं."

"मग? बाजारात खोड दिसली आन बोललो न्हाई, तर दलाल चोर ठरतो."

मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र रोज सकाळी माझ्या घरासमोर क्रेट भरत असतील तिथे येऊन बसायचे, एखादा टोमॅटो पुसून खायचे आणि जायचे. तिसऱ्या महिन्यात मीच म्हणालो, "मीठ देऊ का?" ते म्हणाले, "दे."

त्यानंतर त्यांनी मला गावातली माणसं दाखवायला सुरुवात केली. सकाळी डेअरीवर घेऊन जायचे. दुधाचे कॅन उचलणारा एक दांडगा गडी दाखवून म्हणाले, "ह्याचे पाय बघ. कॅन ठेवताना बी हालत न्हाईत." तो पुढे आमचा पकडीचा गडी, कव्हर झाला. बौद्धवस्तीतला एक गवंडी परातीतला माल डोक्यावर घेऊन शिडी चढताना दाखवला. तो कोपऱ्यात आला. "आपल्या गावात पाय हायेत," नाना म्हणायचे, "तुला निसती नावं दिसत्यात." ही मुलं कामावरून सुटली की दिवस मावळायच्या आत सराव उरकायची, कारण नंतर उसातून बिबट्या निघतो. तासभर मिळायचा. त्या तासात नाना त्यांना फक्त बसवायचे आणि उठवायचे.

तरी आम्ही हरतच होतो. पकडी व्हायला लागल्या होत्या, पण गुण आणणारा कुणी नव्हता.

सहाव्यांदा हरलो, त्या वर्षी दिवाळीनंतर देवळात बैठक बोलावली गेली. हायवेलगत प्लॉट पाडून विकणारा एक बाहेरचा गृहस्थ गावचा संघ घ्यायला तयार झाला होता. कपड्यांवर त्याच्या प्लॉटिंगचं नाव, संघालाही तेच नाव, आणि सातही खेळाडू तो बाहेरून आणणार. ही बैठक नेमकी माझ्या गाड्या भरायच्या दिवशी ठेवली होती आणि मला कुणी कळवलं नव्हतं. पंक्चरवाल्याने फोन केला म्हणून कळलं. 'मालक गेला पायजे' हे रोज त्याच्याच दुकानात चालायचं. पण फोन त्याने केला.

मी अंगावरच्या डागाळलेल्या शर्टानेच देवळात शिरलो. प्लॉटवाले खुर्चीत, बाकी सगळे सतरंजीवर. मी उभ्यानेच सुरू झालो. सहा वर्षं कोण राबलं, कुणाच्या गाडीतून गेलात, एकदा तरी कुणी विचारलं का. आवाज चढत गेला.

ड्रायव्हर खाली बघत म्हणाले, "सहा वर्षं राबलात ते खरं हाये राव. पन सहा वर्षं हारतोय बी आपण."

संघ गेला, हे मला तिथेच कळलं. माझा गेला याचं जेवढं वाटलं, त्याहून जास्त त्या कॅनवाल्याचं आणि गवंड्याचं वाटलं. दोघेही मागे खांबाला टेकून बसले होते आणि आता आपण प्रेक्षक होणार हे त्यांना समजलं होतं.

तेवढ्यात नाना उठले. "संघ कुणाचा ते मागनं बघू. गावाकडनं हात माझा, त्यावर पटंल त्याला संघ. आधी बोली करू. पैशाची न्हाई. सात गड्यांत भायेरचे किती, येवढीच." हा 'सात' मात्र त्यांनी बोटांनी दाखवला. त्यांनी प्लॉटवाल्यांपुढे हात केला आणि त्यावर उपरणं टाकलं.

प्लॉटवाले हसले. "नाना, मी तोंडानेच सांगतो. सातच्या सात."

"मग तुमची बोली झाली," नाना म्हणाले आणि माझ्यासमोर येऊन बसले.

मी हात उपरण्याखाली घातला. त्यांचा तळवा लाकडासारखा होता. मी चार बोटं दाबली. चार बाहेरचे, तीन गावचे. मला तेच हवं होतं. नानांनी हात सोडवून मूठ मिटली. मूठ म्हणजे एकही नाही. मी तीन दाबली. मूठ. दोन दाबली. मूठ. मला इतका संताप आला की मी त्यांची बोटं कचकून आवळली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगळं गाव त्या हलणाऱ्या उपरण्याकडे बघत होतं.

मी उठणारच होतो. पण मी सहा वर्षं रेषेला बसून आमचे गुण जाताना पाहिले होते. आमच्या पोरांपैकी एकालाही डावीकडून चढाई येत नव्हती, आणि ते एका वर्षात शिकवून होत नाही. नानांना पाय दिसत होते, मला ती रिकामी बाजू दिसत होती. मी त्यांच्या मुठीतून एक बोट ओढून काढलं आणि धरून ठेवलं. त्यांनी ते परत मिटलं. मी पुन्हा ओढलं. वीस मिनिटं हे चाललं होतं, असं नंतर लोकांनी सांगितलं. शेवटी त्यांची मूठ सैल झाली आणि त्यांनी ते बोट माझ्या हातात राहू दिलं.

नानांनी उपरणं काढून खांद्यावर टाकलं. "ठरलं. भायेरचा येवढा," म्हणून त्यांनी एक बोट वर केलं. "बाकी गावचे. ह्या साली संघ ह्याच्याकडंच. पयल्या फेरीत हारला तर खुशाल नाव बदला."

प्लॉटवाल्यांना त्यात काही तोटा वाटला नाही. आम्ही पहिल्या फेरीत हरणार याबद्दल त्यांची खात्री होती. गावाचीही होती.

तो एक गडी शोधायला मी पाच गावं फिरलो. या वेळी मोबाइलवर काही पाहिलं नाही. राजुरीच्या बाजूला एका गोठ्यावर काम करणारा डावखुरा रेडर सापडला. त्याची चप्पल मी उलटी करून पाहिली. त्याला बसायला लावलं, उठायला लावलं. तो मला वेडा समजला असावा. तो हात न टेकता उठला, तेव्हा मी भाव करायला बसलो.

पहिल्या फेरीचा सामना दुपारी होता. पकडी आमच्या पोरांनी केल्या. कॅनवाल्याने दोन मोठे रेडर असे धरले की त्यांना श्वास घेता आला नाही. पण शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो. चढाईला तो राजुरीकडचा गेला. डावीकडून शिरला, कोपऱ्याला पाय लावला, परत फिरताना कव्हरला हात लावला आणि रेषेवर अंग टाकलं. दोन गुण. आम्ही जिंकलो. पुढच्या फेरीत सपाटून हरलो, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. संघ गावाचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चरच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. आणि कौतुक चाललं होतं नानांचं.

"नानांनी त्यो गडी मागून घेतला म्हणून वाचलो," ड्रायव्हर सांगत होते. "ह्यो मालक तर चार-पाच आणायला बसला व्हता. नानांनी येकावर आणला ह्याला."

"नजर हाये नानांची, नजर," पंक्चरवाला म्हणाला.

मी एका कोपऱ्यात उभा होतो. ज्या एका बोटासाठी मी वीस मिनिटं झगडलो, ते माझ्यासमोर दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं. आणि मला बोलता येत नव्हतं. उपरण्याखालचं बाहेर बोलायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. मी भाव करणारा माणूस आहे, बेइमान नाही. मी किल्ली काढली आणि गाडीकडे निघालो.

"थांब रे," नाना टायरवरून म्हणाले.

मी थांबलो.

"त्यो भायेरचा गडी मी मागितला न्हाई," ते सगळ्यांना म्हणाले. "मी कुणीच नको म्हणत व्हतो. मूठ धरून बसलो व्हतो. ह्यानं बोट सोडलं न्हाई. माझ्या मनासारखं झालं असतं तर आज संघ त्या प्लॉटवाल्याचा असता. माझं चुकलं व्हतं. त्यो गडी ह्याचा हाये."

पंक्चरवाल्याचा हात पाण्यातच राहिला. ड्रायव्हर पुटपुटले, "नाना, उपरण्याखालचं..."

"व्हय. बोललो."

मी त्यांच्या अंगावर धावून गेल्यासारखा गेलो. "कशाला बोललात? मी मागितलं होतं का तुमच्याकडे?"

"न्हाई मागितलंस," ते म्हणाले, आणि काठी घेऊन घरी गेले.

त्यानंतरच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर बेल्ह्याला गेलो. मला तिथे काही काम नव्हतं. एक ओळखीचा गिऱ्हाईक आला, त्याने नेहमीसारखा हात पुढे केला. नाना दोन्ही हात काठीवर ठेवून उभे राहिले.

"दुसरा दलाल बघा, पावणं. माझ्याकडनं आतलं भायेर गेलंय."

"कुठल्या सौद्याचं?"

"कबड्डीच्या संघाचं."

गिऱ्हाईकाला हसू आवरेना. त्याने हात तसाच पुढे धरून ठेवला. "त्यात काय नाना? बैलाचं थोडंच व्हतं?"

"हात त्योच व्हता," नाना म्हणाले.